जुनी झबली

आईने गाठोडं सोडलं आणि मी मोजायला लागले. झबली आठ, टोपडी चार, लंगोट एकवीस, दुपटी दोन, कुंची एक आणि एक लहानशी गोधडी. आठांपैकी सहा झबली माझी, म्हणजे मी तान्ही असताना अंगावर घातलेली. उरलेली दोन मामेभावाची. लंगोट आईच्या मऊ झालेल्या सुती साड्यांचे, काठ काढून टाकलेले, कडा हातशिलाईने दुमडलेल्या. दुकानातून नवीन आणलेलं असं त्यात एकही कापड नव्हतं.

“झालं मोजून?” आई म्हणाली. “आता सही कर आणि माल ताब्यात घे.”

रत्नागिरीच्या त्या हॉस्पिटलात आम्हाला खिडकीजवळची खाट मिळाली होती. बाळाला अतिदक्षता विभागातून नुकतंच बाहेर माझ्याजवळ दिलं होतं. त्याच्या पायातल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ शलाका’ असं लिहिलेलं होतं. शलाका म्हणजे मी. पुण्यात फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून तिथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवत होते, आणि पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, कुवारबावला आले होते. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून घरात आई एकटीच होती. माझा नवरा यशोधन पुण्यात नोकरीला. शनिवारी यायचा आणि रविवारी परत जायचा.

बाळ पाच आठवडे आधी आलं. वजन एक किलो आठशे. सुरुवातीला काचेच्या पेटीत राहून ते घरी आलं, आईने त्याला माझ्या जुन्या झबल्यात घालून मांडीवर घेतलं, आणि बघता बघता ते हळदीसारखं पिवळं पडलं. दूध ओढेना, रडेना, चिमटा काढला तरी डोळा उघडेना. हॉस्पिटलात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन ६.४ भरलं. त्या वयाच्या बाळाचं ते याच्या दुप्पट असायला हवं. त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटत होत्या. का फुटत होत्या, ते कळत नव्हतं. पहिल्यांदा त्याला रक्त दिलं, मग अंगावरचं सगळं काढून निळ्या दिव्यांखाली ठेवलं. तिथे ते सावरलं. आकडा ११.२ वर आला आणि टिकला. म्हणून आता ते बाहेर, माझ्याजवळ होतं.

डॉक्टर मुकादम पन्नाशीच्या होत्या. बोलणं कोरडं, पण प्रश्न विचारला की थांबून उत्तर द्यायच्या. माझा आणि बाळाचा रक्तगट जुळत होता. जंतुसंसर्ग सापडला नव्हता. काही मुलांमध्ये लाल पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. तेही तपासलं होतं आणि अहवाल नॉर्मल आला होता. त्यांनी मला सरळ सांगितलं की कारण सापडलेलं नाही, फक्त फुटणं थांबलंय. पुन्हा सुरू झालं आणि आकडा सातच्या खाली गेला, तर परत रक्त द्यावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाला पुन:पुन्हा बाहेरचं रक्त देणं सोपं नसतं. शिवाय पेशी फुटल्या की पिवळेपणा चढतो. तो फार चढला तर मेंदूत उतरतो, आणि तिथून मागे येत नाही.

त्या दिवसापासून मला जगात एकच आकडा दिसत होता.

सिस्टरनी बाळ हातात देताना बजावलं होतं की कपडे अगदी स्वच्छ हवेत, याला जंतू सोसायचे नाहीत. आईने ते वाक्य असं धरलं, की जणू कलेक्टरचा हुकूम निघालाय. श्रावण होता, ऊन नव्हतं. ती रोज कपडे घरी नेऊन पातेल्यात उकळायची, शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवायची, इस्त्री करायची, आणि बाहेर ठेवले तर झुरळं फिरतील, दमट हवेने बुरशी धरेल म्हणून ट्रंकेत बंद करायची. सकाळी रिक्षाने गाठोडं घेऊन हजर. ते सोडलं की त्या ट्रंकेचा वास यायचा. शाळेत असताना थंडीचे स्वेटर काढले की यायचा तोच. हॉस्पिटलच्या फिनेलच्या वासात तो वास आला की मला जरा बरं वाटायचं.

“तुमच्या त्या जंतूंना म्हणावं, या एकदा कुवारबावला,” आई सिस्टरना म्हणाली. “पातेलं उकळतंच ठेवलंय.”

सिस्टर हसल्या. त्या आईवर खूश असायच्या, कारण बाकीच्या खाटांवर कुठे ओले लंगोट लोंबत, कुठे डब्याचं सांडलेलं असे, आणि आमच्या खाटेवर मात्र परीटघडीच्या कपड्यांची चळत. आईने बाळाला खोबरेलाचा हात फिरवावा, झबलं घालावं, टोपडं बांधावं, दुपट्यात घट्ट गुंडाळावं, वर गोधडी. ते चेहरा तेवढा बाहेर काढून पडलेलं असायचं.

पहिल्या तपासणीत आकडा १०.१ आला. डॉक्टर म्हणाल्या, थोडं इकडेतिकडे होतं. पुढच्या तपासणीत ८.८.

त्याच सकाळी आई लंगोट बदलत होती. मी दूध काढत बसले होते. बराच वेळ तिची काही हालचाल नाही म्हणून मी वर पाहिलं. तिने लंगोट खिडकीच्या उजेडात धरला होता. त्यावर कोऱ्या चहाच्या रंगाचा डाग होता. आईने त्याची घडी केली, परत उलगडली, परत घडी केली. मग ती स्टुलावर बसली.

“काय झालं?” मी विचारलं.

“निघतो हा डाग,” ती म्हणाली. “पहिल्या धुण्यात नाही निघत. दुसऱ्यात निघतो.”

तिचा आवाज इतका सपाट होता, की मला काही विचित्र वाटायलाही जागा मिळाली नाही. मी लंगोट घेऊन डॉक्टरांकडे धावले. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरत होता.

डॉक्टर मुकादम आल्या त्या थेट आईसमोर उभ्या राहिल्या. घुटी देता का? मध चाटवलात? वेखंड, जायफळ, काही उगाळून? धुरी देता? काजळ? कुणा वैद्याचं काही? एकामागून एक प्रश्न. आईने सगळ्यांना मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टर पुन्हा घुटीवर आल्या. दुधात मिसळून, अगदी थोडी, कधीतरी?

“डॉक्टरीणबाई,” आई म्हणाली, “तुम्ही नको म्हणालात त्याच दिवशी सहाण पालथी घातलीय ओट्यावर. येऊन बघा. धूळ बसली असेल तिच्यावर.”

“रागावू नका, आजी. मला विचारायलाच हवं.”

“रागावत नाही. पण तुमच्याकडे आजी आली की आधी आरोपी आणि मग आजी, असं दिसतंय.”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. त्या मला म्हणाल्या, उद्या परत रक्त तपासू.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. यशोधन पुण्याहून आला तो हातात एक पिशवी घेऊन. पिशवीत नव्या झबल्यांचा संच होता, पांढऱ्यावर निळे ससे. त्याने एक झबलं बाळाच्या अंगावर धरून पाहिलं. आईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. इतक्या चटकन, की त्याचा हात तसाच हवेत राहिला.

“यशोधनराव, हे बारशानंतर.”

“आई, बारसं कधी आहे ते ठरलंय का?”

 बारसं कधीच होऊन जायला हवं होतं. आईने झबलं पिशवीत घातलं, पिशवीची गुंडाळी केली आणि स्वतःच्या पिशवीत तळाशी कोंबली. यशोधनने मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. आई खरंच काही देत नाहीत ना, हे त्याने तीन प्रकारे विचारलं. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. मग तो म्हणाला की नवीन कपड्यालासुद्धा ज्यांची हरकत आहे, त्यांच्या मनात आणखी काय काय असेल ते कुणी सांगावं. मला राग आला, कारण नेमकं तेच माझ्याही मनात आलं होतं.

तो जेवायला गेला तेव्हा मी आईला ‘हे काय चाललंय तुझं’ असं विचारलं; मला खरं तर घुटीचं विचारायचं होतं. तिला वाटलं मी झबल्याबद्दल विचारतेय, आणि मी ते तसंच वाटू दिलं.

“तुझ्या पाठचा एक होता,” ती म्हणाली.

मला ते अर्धवट माहीत होतं. मी चार वर्षांची असताना घरात एक बाळ आलं होतं आणि नंतर ते नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. मला फक्त ओटीवर ठेवलेलं एक दुपटं आठवत होतं, आणि त्याच्याभोवती खूप पाय.

“चांगला होता. तुझ्यापेक्षा गोरा. तुझ्या मामाने मुंबईहून झबलं पाठवलं त्याला. पिवळं, मशीनवर शिवलेलं, गळ्याशी बदक. बाराव्याआधी नवीन घालत नाहीत, मला काय माहीत नव्हतं का? पण एवढं सुरेख होतं. म्हटलं, एक संध्याकाळ घालू, बघू कसा दिसतो. सासूबाईंनी बघितलं आणि काढायला लावलं. काढलं मी लगेच. तिसऱ्या दिवशी तो पिवळा पडला.” तिने बाळाच्या अंगावरची गोधडी सारखी केली. “बारा दिवससुद्धा भरले नाहीत त्याचे. तुझी आजी मरेपर्यंत सांगायची. रागाने नाही, आलागेला विचारेल त्याला. पिवळं झबलं घातलं आणि पोर पिवळं पडलं.”

“आई, एकदा एकामागून एक घडलं म्हणून—”

“मला माहितीय तुझं ते. मी काही मानत नाही, शलू. पण ते खरं की खोटं, हे तुझ्या पोराच्या अंगावर तपासायचं नाहीये मला.”



दुपारी रक्त नेलं. आकडा ६.८ आला. बाळाला पुन्हा आत नेलं. त्याचं टोपडं, झबलं, दुपटं सिस्टरनी माझ्या हातात दिलं आणि दार लागलं. त्याच्या हातावरच्या शिरा संपल्या होत्या, म्हणून या वेळी सुई डोक्यात लावली. काचेतून मला तेवढंच दिसत होतं. कानामागे केस काढलेला एक चौकोन, आणि त्यात सुई. यशोधन माझ्या शेजारी उभा होता. एका हाताने तो काचेची कड घट्ट धरून होता, जशी उभ्याने प्रवास करताना बसची दांडी धरतात.

रक्त दिलं. दिवे लावले. यशोधन रजा टाकून थांबला. आकडा अकराच्या पुढे गेला. मी वाट बघत राहिले तो खाली यायची. आला नाही. ११.३, ११.१, ११.२.

मी मुलांना शिकवायची की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. इथे ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे दोन प्रयोग आमच्या नकळत दोनदा झाले होते. आत नेलं की पेशी फुटायच्या थांबत, बाहेर आणलं की फुटायला लागत. मग बदलत होतं काय? दूध माझंच होतं. आत असताना सिस्टर वाटीचमच्याने पाजायच्या. औषधं तीच. हात लावणारे आम्हीच, फक्त आत जाताना हात धुऊन. राहिला उजेड. मी डॉक्टर मुकादमांकडे गेले आणि म्हटलं, त्या निळ्या दिव्यांनी पेशी फुटायच्या थांबतात असं दिसतंय, आपण दिवे चालूच ठेवू.

त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं.

“दिव्याने पिवळेपणा उतरतो,” त्या म्हणाल्या. “पेशी फुटणं थांबत नाही. दिव्याचा त्याच्याशी संबंध नाही. पण तुमचं अर्धं बरोबर आहे. आत त्या फुटतच नाहीयेत. तुम्ही विचारताय, आत काय चांगलं आहे. मी विचारते, बाहेर काय वाईट आहे.” मग म्हणाल्या, “उद्या त्याला बाहेर आणते. माझ्यासमोर. तुम्ही आणि आजी रोज जे करता ते सगळं करा, एक गोष्ट गाळू नका. मी फक्त बघणार.”

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे परीक्षा.” दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आली. परीक्षा म्हटल्यावर ती काही बिघडू देणार नव्हती.

सकाळची वेळ होती. डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी हात बांधून उभ्या राहिल्या. सिस्टरनी बाळ आणून ठेवलं. ते जांभई देत होतं. आईने हात कोपरापर्यंत धुतले, दोनदा. तेलाची वाटी हुंगायला डॉक्टरांपुढे धरली. खोबरेल, दुसरं काही नाही. हलक्या हाताने छाती, पाठ, पाय चोळले. मग गाठोडं सोडलं, वरचं दुपटं उचललं आणि घालण्याआधी नेहमीसारखं झटकलं.

त्यातून काहीतरी पांढरं उडालं, फरशीवर टकटक करत गेलं आणि खाटेच्या पायाला लागून थांबलं.

“अगबाई, राहिली वाटतं एक,” आई म्हणाली आणि शरमून उचलायला वाकली. पाहुण्यांसमोर घरातला केर दिसावा तशी. “निवडून काढते मी सगळ्या. आज गडबडीत राहिली.”

डॉक्टरांनी तिच्याआधी ती उचलली. डांबराची गोळी. झिजून वाटाण्याएवढी झालेली. त्यांनी ती हुंगली नाही, नुसती तळहातावर ठेवली.

“बाळाला त्या कपड्यांना लावू नका,” त्या म्हणाल्या. “सिस्टर, त्याला आपल्या चादरीत घ्या. आधी अंग पुसा, तेल सगळं काढा.” मग आईकडे वळून अगदी हळू विचारलं, “किती असतात या ट्रंकेत?”

“असायच्या चारपाच. आमच्याकडे पावसात त्याशिवाय कपडा राहतच नाही, कसर लागते.” आईचा हात अजून पुढेच होता, गोळी परत मिळेल म्हणून. “सिस्टरनी जंतूंचं सांगितल्यापासून मूठभर टाकते. रोज नव्या. घडीघडीत.”

मी त्या गोळीकडे बघत होते. तिचा वास आता मला स्वच्छ येत होता. तो वास कितीतरी दिवस माझ्या नाकाखाली होता.

डॉक्टरांनी आम्हाला खोलीत नेऊन बसवलं. त्यांनी जे सांगितलं ते असं. डांबराच्या गोळीची वाफ कपड्यात मुरते, कातडीतून आणि श्वासातून अंगात जाते, तेल लावलेल्या अंगात तर जास्तच. तुमच्याआमच्या पेशींना त्याने काही होत नाही. पण ज्या मुलात ते सांभाळणारं एन्झाइम कमी असतं, त्याच्या पेशी फुटायला तेवढं पुरतं.

“पण ते तुम्ही तपासलं होतं,” मी म्हणाले. “नॉर्मल होतं.”

“तपासलं, पण रक्त दिल्यानंतर,” डॉक्टर म्हणाल्या. “आपण रक्त देणाऱ्याचं एन्झाइम मोजलं, शलाका. त्याचं नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

त्या क्षणापुरतं माझं डोकं आकड्यांवर चालत राहिलं, कारण दुसऱ्या कशावर चालवायची माझी तयारी नव्हती. मी विचारलं, मग आता मोजा. त्या म्हणाल्या, आता त्याच्या अंगात दोन वेगवेगळ्या माणसांचं रक्त आहे; त्याचं स्वतःचं मोजायला तीन महिने थांबावं लागेल. पण ही कमतरता आईकडून मुलाला येते. बाईच्या अंगात ती बहुतेक वेळा दिसत नाही, मुलग्यात दिसते. म्हणून तुमचं मोजू. आणि त्यांनी नेहमीच्या सवयीने पुढचा प्रश्न विचारला, की तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी असा पिवळा पडून—

वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी आईकडे पाहिलं. मीही पाहिलं.

आईच्या मांडीवर ते दुपटं होतं. तिने ते इथवर आणलंय हे बहुधा तिलाच माहीत नव्हतं.

“एक होता,” ती म्हणाली. “त्याच्याही लंगोटावर असाच चहा सांडल्यासारखा डाग पडायचा. पहिल्या धुण्यात निघायचा नाही.”  “त्याला शलूचीच झबली घालायचे. हीच. ह्याच ट्रंकेतली.”

कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती पुढे म्हणाली, “नवीन एकच घातलं होतं. एक संध्याकाळ.”

डॉक्टर मुकादमांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. आईने तो घेतला नाही. तिने दुपटं दूर धरलं, घडी घातली, खुर्चीखाली ठेवलं, आणि पदराला हात पुसले. पुसतच राहिली. मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागच्या भिंतीवर काहीतरी लिहिलेलं असावं आणि ते तिला नीट लागत नसावं, अशी बघत होती.

गाठोडं यशोधनने उचलून नेलं. कुठे नेलं ते मी विचारलं नाही. जाताना तो आईसमोर थांबला. खाली वाकून तिच्या पाया पडला. आईने नेहमीसारखा आशीर्वाद दिला नाही. तिचं लक्षच नव्हतं.

संध्याकाळी ती उठली. स्वतःच्या पिशवीत तळापर्यंत हात घालून सशांचं झबलं काढलं. सिस्टरकडून गरम पाणी मागून घेतलं, ते धुतलं, पंख्याखाली धरून वाळवलं. त्याला बराच वेळ लागला, पण तिने ते दोरीवर टाकलं नाही, हातातच धरून ठेवलं. मग गळ्याजवळची कापडी चिठ्ठी दाताने तोडली, बाळाला चादरीतून बाहेर घेतलं आणि झबलं घातलं. बंद बांधताना दोनदा सुटला. मी पुढे झाले.

“मी बांधते,” ती म्हणाली. “तू बस.”

ती रात्रभर त्याच्याकडे बघत होती, असं सिस्टर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. मला झोप लागली होती.

सकाळी आकडा ११.० आला. मग १०.८. मग पुन्हा १०.८. डॉक्टर मुकादमांनी आणखी थोडं थांबवलं आणि लंगोट स्वच्छ आहेत याची स्वतः खात्री करून घरी सोडलं. निघायच्या दिवशी माझं रक्त घेतलं. सिस्टर सुई बाजूला ठेवतायत तोच आईने बाही वर केली.

“माझंही घ्या.”

डॉक्टर म्हणाल्या, बाळाच्या उपचारासाठी त्याची गरज नाही.

“उपचारासाठी नाही. मला हवंय.”

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. त्यांनी सावकाश सांगितलं, की तुमचा आकडा नॉर्मल आला तर काहीच सिद्ध होत नाही. कमतरता पुढे देणाऱ्या बाईचा आकडाही कधीकधी नॉर्मल येतो. पण तो निम्म्याच्या आसपास आला, तर ती तुमच्याकडून आली असं धरायचं. “मग त्या मुलाबद्दल फारशी शंका उरत नाही,” त्या म्हणाल्या. “कळून काय करणार, आजी?”

“बावीस वर्षं एक कारण घेऊन बसलेय,” आई म्हणाली. “ते चुकीचं असलं तर खाली ठेवायला हवं ना.”

“मग दुसरं उचलावं लागेल.”

“उचलेन. पण खरं असलेलं उचलेन.”

डॉक्टरांनी सिस्टरना मान हलवून खूण केली.

रक्त मुंबईला गेलं. अहवाल आला तेव्हा आम्ही बाळाला दाखवायला गेलो होतो. ते आईच्या मांडीवर झोपलं होतं. वजन दोन किलो सातशे झालं होतं, हिमोग्लोबिन १०.९. डॉक्टरांनी दोन कागद माझ्या हातात दिले. दोन्हीवर एन्झाइमच्या नॉर्मलची मर्यादा छापलेली होती: सात ते दहा.

“माझं वाच आधी,” आई म्हणाली.

मी वाचलं. तिचं ३.९ होतं.